अब्बांची बैठक

सतारमेकर गल्लीतले सगळे फॉर्म मेहरुन्निसा भरत असे. रेशन दुकानात तळहात दाखवून धान्य घ्यायची पद्धत आली तेव्हाचे, घरोघरच्या छतांवर सूर्यपट्ट्या बसल्या तेव्हाचे, हजच्या सोडतीचेसुद्धा. ती सांगलीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. दर रविवारी मिरजेला येई, आणि अब्बा जाऊन दीड वर्ष झालं तरी तिनं ते येणं सोडलं नव्हतं. रविवारी सकाळी ती दुकानाचं दार उघडून बसली की मोबाइल पुढे करत कुणी ना कुणी यायचंच.

त्या रविवारी यासीन आला. तिचा चुलतभाऊ, अठ्ठेचाळीस वर्षांचा, याच दुकानात अब्बांच्या हाताखाली तयार झालेला. खुंट्या आणि नक्षी ही त्याची कामं. गेल्या वर्षापासून त्याला शंभर पावलं सलग चालवत नव्हतं. दाराच्या चौकटीला धरून तो क्षणभर थांबला, मग भिंतीला हात लावत लावत अब्बांच्या खुर्चीत बसला.

"एवढा भरून दे. शुक्रवारी ऑपरेशन आहे. उद्या सकाळच्या आत पाठवायचाय."

"चष्मा कुठाय तुझा?"

"चष्मा आहे गं. धीर नाहीय."

मेहरूनं मोबाइल घेतला. फॉर्म ओळखीचा होता. तीच निळी पट्टी, तेच बावीस प्रश्न, आणि वर उजव्या कोपऱ्यात तोच आकडा, प्रत्येक उत्तरासरशी हलणारा. यासीनला पाठीची मोठी शस्त्रक्रिया सुचवली होती आणि आकडा होता अठ्ठ्याऐंशी. ती भराभर उत्तरं टाकत गेली. व्यवसाय, तंतुवाद्य कारागीर. मधुमेह, नाही. तंबाखू?

"लिही, सोडली."

"कधी सोडलीस?"

"आत्ता. तुझ्यादेखत."

तिला हसू आलं. मग चौदावा प्रश्न आला. *जमिनीवर बसण्याचे रोजचे तास.*

"दुखायच्या आधी खाली किती तास बसायचास?"

"नऊ धर. सीझनला दहा."

तिनं नऊ लिहिले आणि कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिली. तो कोसळणार हे तिला माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी तिनं तो कोसळताना पाहिला होता. पण आज तो जरासा हलला आणि शहाऐंशीवर थांबला.

तिनं नऊ पुसले, पुन्हा लिहिले. शहाऐंशी.

"काय झालं? कमी आहे का?"

"नाही. जास्त आहे."

"मग तोंड का उतरलं तुझं? चाचांना एक्क्याण्णव मिळालेले. घराण्याचाच मणका आहे आपला," यासीन हसला आणि हसता हसता कमरेला हात लावून गप्प झाला.

"हा आत्ता पाठवत नाही," मेहरू म्हणाली. "संध्याकाळी ये."

तो गेल्यावर ती तशीच बसून राहिली. समोर भिंतीला टेकून चार तानपुरे उभे होते, तारा न चढवलेले. शहाऐंशी कुठून आले, ते तिला आता कळलं होतं.

*

तीन वर्षांपूर्वी अब्बा, म्हणजे दस्तगीर मुजावर, एकाहत्तर वर्षांचे होते. कमरेतून इतके वाकलेले की रस्त्यात समोरच्याला ते त्याच्या चपलांवरून ओळखत. चाळीस पावलं चालले की पायांत मुंग्या यायच्या, मग कुणाच्या तरी पायरीवर बसायचे. मेहरूची आई ती दहा वर्षांची असताना गेली. तेव्हापासून घरात ती दोघंच. अब्बांना सरळ उभं राहिलेलं तिनं पाहिलं असेलही, पण तिला ते आठवत नव्हतं.

पाठीच्या हॉस्पिटलात डॉ. कणबरकर नावाच्या बाई होत्या. हळू बोलायच्या, आणि बोलताना स्क्रीनकडे न बघता माणसाकडे बघायच्या. त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली लहान. अर्ध्या इंचाच्या छेदातून दुर्बीण आत घालायची, नसांवर दाबणारं हाड खरवडून काढायचं, दुसऱ्या दिवशी घरी. पाय मोकळे होतील, बाक तसाच राहील, पाच-सहा वर्षांनी कदाचित पुन्हा यावं लागेल. दुसरी वाट मोठी. छातीच्या खालच्या मणक्यांपासून कमरेच्या हाडापर्यंत अठरा स्क्रू, त्यांना जोडणाऱ्या दोन सळया, आणि मधल्या एका मणक्यातून पाचरीएवढं हाड कापून काढून सबंध पाठ सरळ. यंत्राचा हात भोकं पाडतो, त्यात चूक केसाएवढीही होत नाही. पण एकदा जोडलेले मणके पुन्हा वाकत नाहीत.

"मग कुठली करायची?" मेहरूनं विचारलं.

"ते जुळा सांगेल," बाई म्हणाल्या.

जुळा म्हणजे संगणकात वाढवलेला दुसरा कणा. रुग्णाचे उभ्यानं, बसून, वाकून फोटो घ्यायचे. हाडं किती ठिसूळ, मणक्यांमधल्या गाद्या किती झिजलेल्या, कुठला स्नायू लवकर थकतो, हे सगळं मोजायचं. मग दहा दिवस अंगाला एक पातळ पट्टा बांधायचा. माणूस कसा उठतो, कसा बसतो, किती वेळा वळतो, हे तो टिपून घेतो. या सगळ्यातून संगणकात त्याच माणसाचा सांगाडा उभा राहतो, त्याच्याच चालीनं चालणारा. त्याच्यावर आधी लहान शस्त्रक्रिया करायची आणि त्याला दहा वर्षं जगू द्यायचं. मग पुसून मोठी करायची आणि पुन्हा दहा वर्षं. संगणकाला दहा वर्षांना अकरा मिनिटं लागतात. कुठला स्क्रू कधी ढिला होईल, कुठली सळई थकून मोडेल, माणूस किती चालेल, सगळं बघून तो शंभरापैकी गुण देतो. शिवाय खऱ्या रुग्णांचं पुढे काय झालं याच्या नोंदीही त्याला मिळत राहतात. त्या ताडून तो आपला हिशेब सुधारत जातो.

"एकाहत्तर वर्षांनी जुळा भाऊ मिळाला," अब्बा म्हणाले. "त्याला म्हणावं, माझ्या वाटणीची कंबरदुखी तू घे आता."

पट्ट्याचे दहा दिवस मेहरूनं त्यांना सांगलीला आपल्या फ्लॅटवर नेलं. तिसरा मजला, लिफ्ट, सोफा. विश्रांती मिळेल, वेळेवर जेवण होईल, असं ती म्हणाली आणि ते खरंही होतं. अब्बा सोफ्यावर पाहुण्यासारखे बसले, पाहुण्यासारखं जेवले, आणि अकराव्या दिवशी म्हणाले, "पट्टा काढायचा ना आता? मग मी जातो. लाकूड वाट बघत असेल."

त्या पट्ट्याला वाटलं असणार, हा माणूस खुर्चीवर बसणारा आहे.

फॉर्म हॉस्पिटलच्या टेबलावर भरला. तेव्हा चौदाव्या प्रश्नापुढे मेहरूनं आधी नऊच लिहिले होते. मोठ्या शस्त्रक्रियेचा आकडा, जो तोवर शहाऐंशीपर्यंत चढला होता, तो डोळ्यांदेखत एक्केचाळीसवर आला. लहान शस्त्रक्रियेपुढे त्रेसष्ट. ती आकड्याकडे बघत राहिली. त्याच वर्षीच्या ईदला अब्बा म्हणाले होते, "आता बस्स. डोळे, हात, कंबर, सगळे एकदम संपावर गेलेत." काम सोडायचं असं ते म्हणालेच होते. ती दहावीत असल्यापासून दर ईदला म्हणत होते, हेही तिला माहीत होतं.

तिनं नऊ पुसून शून्य लिहिलं. आकडा अठ्ठ्याऐंशी झाला.

"काय लिहितेस एवढं?" शेजारून अब्बांनी विचारलं.

"नाव, पत्ता."

ते मान डोलावून थोडे पुढे सरकले, स्क्रीनवर वाकले, म्हणजे होते त्याहून वाकले, आणि बोटानं सही केली.

*

चौथ्या दिवशी दोन नर्सनी त्यांना उभं केलं. मेहरू पलंगाच्या पायथ्याशी होती. अब्बा उठत गेले, उठत गेले, आणि थांबले तेव्हा ते तिच्याहून वीतभर उंच होते. तिला हे माहीत नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत बघायला तिला मान वर करावी लागली.

अब्बा तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत होते.

"इथून दर्ग्याचा घुमट दिसतो की," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही."

ती रडली. चांगल्या अर्थानं रडली, आणि पुढे कितीतरी दिवस तिला त्या रडण्याची आठवण आली की शरम वाटायची नाही, बरंच वाटायचं. दोन महिन्यांनी अब्बा बाजारातून चालत निघाले तेव्हा दुकानदार गल्ल्यावरून उठून बाहेर आले. "चाचा, नवरदेव दिसताय!" "मग करा वरातीची तयारी," अब्बा म्हणाले. हॉस्पिटलानं त्यांचा आधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी शेजारी लावून जिन्यात टांगला.

काम मात्र सुरू होईना.

अब्बांचं काम जवारीचं. तानपुऱ्याची तार हाडाच्या एका चपट्या पट्टीवरून जाते. ती पट्टी सपाट दिसते पण सपाट नसते. तिला इतका हलका उतार असतो की डोळ्याला दिसत नाही. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्यातून तो गुंजणारा स्वर उठतो. उतार कानसेनं घासून काढायचा. आता यंत्रंही जवारी काढतात, चांगली काढतात, पण शेवटचं केसभर काम उरतं, आणि त्यासाठी धारवाडपासून पुण्यापर्यंतचे गवई अब्बांकडे येत. अब्बा जमिनीवर मांडी घालत, डावा गुडघा थोडा उचलून त्यावर तानपुरा आडवा घेत, आणि एका कुशीवर वाकून डाव्या जबड्याचं हाड तानपुऱ्याच्या तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, टेकवत. मग डोळे मिटून कानस चालवत. "कान बाहेरचं ऐकतो," ते म्हणायचे, "आतलं हाडाला ऐकू येतं." लहानपणी मेहरू समोर बसून गृहपाठ करायची. तिला वडिलांचा चेहरा म्हणून जे आठवे ते म्हणजे टोपी, उजवा गाल आणि मिटलेला एक डोळा.

ती बैठक आता त्यांच्या अंगात उरली नव्हती. यासीननं उंच टेबल करून दिलं. तानपुरा छातीपाशी आला. हात पोचले, जबडा पोचेना. टेबलावर फळ्या रचून तो गालापर्यंत आणला, तर हात पोचेनात. कानाला लावायचं एक यंत्र मेहरूनं मागवलं. अब्बांनी ते दोन दिवस वापरलं आणि डबीत ठेवून दिलं. "शेजारच्या घरातलं ऐकल्यासारखं वाटतं," म्हणाले.

सहा महिन्यांनी हॉस्पिटलातून फोन आला. मेहरू मटार सोलत होती. फोन स्पीकरवर होता.

"पाठ दुखते का, चाचा?"

"नाही बाई."

"चालता किती?"

"दर्ग्यापर्यंत जाऊन येतो."

"काम सुरू झालं?"

"चालू आहे की. तुमच्या मेहरबानीनं."

"शस्त्रक्रियेनं समाधानी आहात?"

"डॉक्टरबाईंना माझा सलाम सांगा."

फोन ठेवल्यावर मेहरू म्हणाली, "काम कुठं चालू आहे, अब्बा?"

"दुकान चालू आहे ना? यासीन करतोय ना?"

"ते तुमचं विचारत होते."

"एवढी मेहनत केली बाईनं. परक्या माणसानं हालहवाल विचारला की रडगाणं लावायचं का? अशी रीत आहे का आपली?"

मेहरूनं मटाराच्या शेंगा पुढे ओढल्या. तिला त्या नर्सला परत फोन करता आला असता. वर्षाचा फोन आला तेव्हाही तीच उत्तरं गेली. गुण आले एक्क्याण्णव, जुळ्याच्या अंदाजापेक्षा तीन जास्त.

त्या वर्षी डिसेंबरात एका बुधवारी कॉलेजला अचानक सुट्टी मिळाली म्हणून ती न कळवता मिरजेला गेली. यासीन भोपळे आणायला मंगळवेढ्याला गेला होता. दार नुसतं लोटलेलं. अब्बा जमिनीवर होते. पाठ भिंतीला, पाय समोर ताठ पसरलेले, बाजूला पॉलिशच्या डब्यांवर उशी ठेवून उभा केलेला तानपुरा, त्यांच्या गालाकडे कलता केलेला. हातात कानस. ते सकाळपासून तिथं होते. बसता आलं होतं, उठता आलं नव्हतं. लुंगी ओली झाली होती.

"आलीस? बरं झालं," ते म्हणाले, जणू चहाच्या वेळेला आली होती. "जरा हा खर्ज ऐक. लागतोय का नीट? मला कळेनासं झालंय."

त्यांनी कसाबसा हात लांबवून तार छेडली. मेहरू गाणं शिकली नव्हती, पण ती याच घरात वाढली होती. तार कोरडी बोलली, टेकली आणि मेली.

"लागतोय, अब्बा," ती म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग कानस खाली ठेवली.

"चल. उठव मला."

त्यानंतर त्यांनी कानस हातात घेतली नाही. दोन महिन्यांनी एका रविवारी सकाळी चहाचा कप ठेवायला ती वळली, आणि परत बघेपर्यंत ते खुर्चीत गेले होते. ताठ बसलेले. हृदय. हॉस्पिटलाच्या नोंदवहीत ओळ पडली, *अन्य कारणाने मृत्यू. अंतिम गुण ९१.*

*

संध्याकाळी यासीन आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. नऊ, एक्केचाळीस, शून्य, अठ्ठ्याऐंशी. फोनवरची उत्तरं. तिनं पाठ केल्यासारखं सांगितलं, मध्ये न थांबता.

यासीन अब्बांच्या खुर्चीत बसला. मग म्हणाला, "म्हणजे हा शहाऐंशी चाचांचा आहे."

"असं मला वाटतं. त्या यंत्राला आपल्या कामाचा एकच माणूस माहीत आहे. तो नीट झाला, कामाला लागला, असं त्याला सांगितलंय. म्हणून तुझे नऊ तास त्याला नऊ वाटतच नाहीत."

"आणि मी इथं बसून बघत होतो. टेबल मीच केलं. मी म्हणायचो, बहात्तर वर्षांचा माणूस, वय झालं. मी अठ्ठेचाळीसचा आहे, मला जमेल." तो तिच्याकडे बघेना. "मला सरळ चालायचं होतं गं, मेहरू. बाजारातनं. चाचांसारखं."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत! पुस्तकं वाचणारी तू. तुला वाटलं, म्हातारा सुधारला पाहिजे. पुस्तकातल्यासारखा ताठ झाला पाहिजे."

तिनं मान खाली घातली. तो म्हणत होता ते पूर्ण खरं नव्हतं, पण वाद घालण्याइतकं खोटंही नव्हतं.

थोड्या वेळानं, आवाज उतरल्यावर, ती म्हणाली, "मी त्यांना सांगितलं नाही रे. नाव-पत्ता लिहितेय म्हणाले. त्यांना कळलंच नाही शेवटपर्यंत."

यासीन भिंतीला धरून उठला. "सही कुणाची होती फॉर्मवर?"

"त्यांची."

"चौथी शिकलेला माणूस होता," तो म्हणाला. "चौथीतल्या माणसाला शून्य वाचता येतं."

तो गेला. मेहरूला ती सही आठवली. सही करायच्या आधी अब्बा स्क्रीनवर वाकले होते, आणि वाकून जरा वेळ तसेच राहिले होते. डोळे अधू झालेत, असं तिला तेव्हा वाटलं होतं.

*

सोमवारी तिनं रजा टाकली. डॉ. कणबरकरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "यासीन मुजावरांची शस्त्रक्रिया थांबवते. तो निर्णय आजच झाला म्हणून समजा."

"आणि अब्बांची नोंद?"

"ती सुधारावी लागेल." बाईंनी चष्मा काढला. "नवा रुग्ण आला की जुळा त्याच्यासारखा जुना माणूस शोधतो. खाली बसून, वाकून काम करणारा कारागीर म्हटला की व्यवसायावरून त्याला तुमचे वडीलच सापडतात. जवळ दुसरं कुणी नसल्यामुळे त्यांचं वजन फार पडतं. त्यांच्या भरवशावर आम्ही एकाची मोठी शस्त्रक्रिया केली. कुपवाडचे आहेत. जोडे शिवतात." त्या थांबल्या. "शिवायचे. परवा फोनवर म्हणाले, सगळं उत्तम आहे. मी आता त्यांच्या घरी जाऊन बघते."

मेहरूला वाटलं, बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चूक तुमच्या एकटीची नाही," बाई म्हणाल्या. "आम्ही फोनवरून विचारलं. तेही दोन मिनिटांत."

जुळ्यांची खोली तळमजल्यावर होती. तिथं सुलक्षणा ऐनापुरे नावाची इंजिनिअर बसायची, केसांत पेन खोचलेली, तिशीची. तिनं नाव टाइप केलं आणि पडद्यावर एक सांगाडा उभा राहिला. ताठ, पाठीत दोन चकाकत्या सळया.

"हे..."

"हो. जुळे आम्ही पुसत नाही. शिकायला लागतात." सुलक्षणानं तिच्याकडे बघितलं. "बंद करू का?"

"नको."

सांगाडा चालायला लागला. डावं पाऊल किंचित बाहेर टाकत, प्रत्येक चौथ्या-पाचव्या पावलाला उजवा हात मांडीवर पुसल्यासारखा करत. हाताला लागलेला हाडाचा भुगा पुसायची ती सवय होती. मेहरूनं टेबलाची कड धरली.

"शस्त्रक्रियेच्या आधीचा कणा घेते," सुलक्षणा म्हणाली. बटण दाबल्यावर सळया गेल्या आणि सांगाडा कमरेतून हळूहळू वाकला, इतका वाकला की त्याची कवटी जमिनीकडे बघायला लागली. "आता यांना नऊ तास खाली बसवायचं. पण एक अडचण आहे. आमच्याकडे जमिनीवरची मांडी आहे ती जेवायला बसणाऱ्यांची. तुम्ही सांगताय तसं एका कुशीवर, एवढा वेळ वाकून बसणाऱ्याची आमच्याकडे कुठंच नाही. कुणीतरी पट्टा बांधून बसून दाखवायला हवं. भाऊ आहेत ना तुमचे?"

"त्याची बैठक वेगळी. तो खुंट्यांचं काम करतो." मेहरू म्हणाली, "अब्बांची मला येते."

सुलक्षणानं तिच्या पाठीला, मांड्यांना, मानेला पट्टे बांधले. फरशीवर एक सतरंजी टाकली. मेहरूनं चप्पल काढून बाजूला ठेवली, साडी आवरली आणि मांडी घातली. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. तिचेही गुडघे वाजले.

"असं?"

"नाही, थांबा." तिनं डावा गुडघा थोडा उचलला. "इथं तानपुऱ्याचा तुंबा यायचा." उजवा हात पुढे नेला, बोटं कानशीवर असतात तशी मिटली. मग ती वाकली. पाठीतला एकेक मणका वळत गेल्याचं तिला जाणवलं. आणखी वाकली.

"एवढं?" सुलक्षणा पडद्याकडे बघत होती. "हे बसताहेत बघा. तुम्ही बसताय तसे बसताहेत."

मेहरूला पडदा दिसत नव्हता. तिला फक्त सतरंजीचे पट्टे दिसत होते आणि स्वतःचा गुडघा. चाळीस वर्षं ती या माणसाच्या समोर बसली होती. तो ज्या जागेतून बघायचा ती जागा तिनं आज पहिल्यांदा पाहिली. तिथून जवळजवळ काहीच दिसत नव्हतं.

"मान उजवीकडे कललीय यांची. बरोबर आहे का?"

"नाही. डावीकडे," मेहरू म्हणाली. "डावा जबडा टेकवायचे." आणि तिनं मान कलवून, जिथं तबली असायची तिथं, हवेत, गाल ठेवला. डोळे मिटले.

यंत्र सुरू झाल्याची बारीक घरघर फरशीतून वर आली, गुडघ्यातून, कमरेतून, आणि जबड्यापर्यंत पोचली. अकरा मिनिटं ती तशीच चालली, क्षणभर थांबून आणखी अकरा मिनिटं चालली. मग थांबली.

"झालं," सुलक्षणा म्हणाली. "लहान शस्त्रक्रिया, चौसष्ट. शेवटच्या वर्षापर्यंत बसताहेत. पाठ वाकलेलीच आहे, पण दिवसाचे सहा-सात तास तरी बसताहेत." ती जरा थांबली. "मोठीचा आकडा सांगू?"

"नोंदीत लिहा."

"लिहिते. उठा तुम्ही आता. कंबर भरून आली असेल."

मेहरू उठली नाही. सुलक्षणानं पुन्हा हाक मारली नाही. तिनं खुर्ची हळूच मागे सरकवली, आवाज न करता, कुणी काहीतरी ऐकत असावं तशी. पडद्यावर अब्बा वाकून बसले होते आणि खाली फरशीवर मेहरू.